मरळ आणा, पोरगी न्या

मुखेड, ३ एप्रिल १९८३, रविवार

काल लेकीच्या सासरहून परत आलो. ही वही आजपासून. एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून साहेब लोकांच्या रेषा गिरवल्या, आता चार ओळी स्वतःच्या. कोणी वाचायच्या नाहीत. बायकोला, चांगुणाला, वाचता येतं, पण तिला माझ्या बोलण्याचाच इतका कंटाळा आहे की लिहिलेलं वाचण्याची भीती नाही.

प्रसंग असा. गौतमीला सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला आणायलाच गेलो होतो. तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलेलं होतं. जेवताना मी व्याह्यांना विष्णुपुरीकडच्या डोहातल्या माझ्या मरळीची हकीकत सांगत होतो, ती नऊ किलोची. (मागच्या वेळी सात सांगितली होती काय? आठवत नाही. मासा वाढतोच.) गौतमी म्हणाली, बाबा, मरळीचं कालवण लई खावं वाटतंय. त्यावर व्याही पंढरीबा ताटातच हसले. म्हणाले, आमच्या तळ्यात मरळ हाय म्हणतेत व्याहीबुवा, मरळ आणा अन् पोरगी न्या! घर हसलं. विहीणबाई सरजाबाई तर ठसका लागेपर्यंत हसल्या.

मी हात धुतले. म्हणालो, मंजूर. आणि पुढची एसटी धरली. माणसाने शब्दाला जागावं.

चांगुणाने दारातच विचारलं, पोरगी कुठं हाय? सांगितलं, शर्त लागली आहे. तिने हातातली बादली खाली आपटली. टँकर आला नव्हता, बादली रिकामी, म्हणून आवाज मोठा झाला. म्हणाली, आवं, पोरगी म्हंजी काय पाटलाच्या जत्रंतलं नारळ हाय का, जिंकून आणायला?

बायकांना शर्त कळत नाही.

४ एप्रिल

ठराव.

अनोळखी तळं आधी बघायचं नाही. बघितलं की डोळा भुलतो, आणि अभ्यास बोंबलतो. अडाणी लोक थेट काठावर जाऊन बसतात, गळ टाकतात. कधी कधी त्यांना मासाही लागतो. त्यामुळेच ते आयुष्यभर अडाणी राहतात.

आपण आधी कागदावर तळं जिंकायचं. खोली, वारा, उन्हाची तिरीप, माशाचा स्वभाव. मग एक दिवस जायचं, एक गळ टाकायचा, एक मरळ काढायची, लेक घेऊन यायचं. मुदत भरपूर. आठवा ९ मेला लागतो. आठव्यात बाईला प्रवास करू देत नाहीत. म्हणजे पाच आठवडे. एवढ्यात तर धरण ट्रेस होतं.

तंबाखू आजपासून बंद. माशाला हाताचा वास कळतो.

दुपार. तंबाखू परवापासून बंद. मासा अजून लांब आहे.

५ एप्रिल

तळ्याचा नकाशा पाहिजे. जुन्या ड्रॉइंग शाखेतल्या रेणुकादासला पत्र टाकलं. चांगला माणूस, पण रेष थरथरते. त्याला लिहिलं की ते तळं पूर्वी उस्मानाबादेत होतं, आता लातूर जिल्ह्यात गेलंय, तरी कागद कुठेही असो, प्रिंट काढून पाठव.

व्याह्यांना या नव्या जिल्ह्याचा फार माज. आठ महिने नाही झाले अजून, पण बोलण्यात सतत आमचा जिल्हा, आमचं जिल्ह्याचं ठिकाण. लग्नाच्या वेळी ह्याच माणसाला लातूर म्हणजे फक्त आडत माहीत होती. आता विहीर आटली तरी म्हणतात, जिल्हा झालाय, पाणी येईल. जिल्हा झाला म्हणून ढगाला बदलीची ऑर्डर जाते की काय?

९ एप्रिल, बाजाराचा दिवस

बाजारात नागुबाई भोईण बसली होती. पाटीत नुसती सुकट. नदीत पाणीच नाही तर ताजा मासा कुठला. मी काही विचारायला गेलो नव्हतो. तिची परीक्षा घ्यावी म्हणून सहज थांबलो.

म्हणाली, दादा, तळं बघून आलाव का? नाही म्हणालो. हसली. तिचे पुढचे दोन दात गेलेत, तरी हसते. म्हणाली, मग कशाची तयारी करून राहिलाव? पाणी किती हाय ते बघा आदुगर. आन ऐका, उन्हाळ्यात पाणी हटलं की मरळ गाळात शिरती. गळाला बिळाला ती भीक घालत न्हाई. चिखलात उतरायचं, दोन्ही हातांनी चाचपायचं, डोकं घावलं की दाबून धरायचं.

मासा चिखलात राहत असता तर त्याला डुक्कर म्हटलं असतं.

या लोकांची सात पिढ्या पाण्यात गेल्या आणि एकाने टिपण ठेवलं नाही. तरी तिचं मन राखावं म्हणून थोडी सुकट घेतली. चांगुणाने ती पाहून विचारलं, ही कोणत्या डोहातली?

११ एप्रिल

मार्तंड मास्तरांकडे दोन तास. मास्तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, पेन्शनीत आहेत, भूमिती शिकवायचे. जन्मात मासा खाल्लेला नाही, जिवंत बघितला असेल तर तेवढाच. म्हणूनच त्यांचं मत निर्मळ. त्यांच्याकडे इंग्रजी ज्ञानकोशाचा एकच खंड आहे, A पासून, त्यात गळाने मासे धरण्यावर सहा पानं. मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला. साहेबाच्या देशात माणूस आधी हवेचा दाब बघतो, मग पाण्याचा ताप बघतो, मग पाइप ओढतो, मग गळ टाकतो. याला म्हणतात संस्कृती. आमच्याकडे धोतराचा काचा मारला की झाली तयारी.

हवेचा दाब मोजायचं यंत्र मास्तरांकडे नाही. पण त्यांचा उजवा गुडघा हवा बदलली की दुखतो. तो वापरायला त्यांनी परवानगी दिली.

१३ एप्रिल

पाण्याचा ताप बघायचा सराव. घरात थर्मामीटर होता. हौदाच्या तळाशी चार बोटं पाणी, दिवसभर उन्हात तापलेलं. थर्मामीटर बुडवला. पारा चढला, एकशे दहाला टेकला, मग टक असा आवाज.

नोंद: उथळ पाण्याला ताप फार. मासा खोलातच मिळेल. सिद्ध झालं.

थर्मामीटर चांगुणाने बाळंतिणीसाठी आणून ठेवला होता असं आत्ता कळलं. हे आधी सांगायला पाहिजे होतं. म्हणाली, रोज सकाळी वंदनेला बसता, प्राणिमात्राला दुखवणार नाही म्हणता, आन दिवसभर मासा मारायची तयारी. मी म्हणालो, अजून एकालाही दुखवलेलं नाही. म्हणाली, ते खरं हाय. ते जन्मात व्हायचं बी न्हाई.

१४ एप्रिल

जयंती. आज अभ्यास नाही. मिरवणुकीत तरुण मंडळी लई नाचली. लोकांनी विचारलं, गौतमी आली का? सगळ्यांना शर्तीची हकीकत सांगितली. कोणी काही बोललं नाही. भारावले होते.

१५ एप्रिल

नकाशा आला! १९६९ ची प्रिंट, कोपरा उंदराने खाल्लेला. रेणुकादासने लिहिलंय, कागद अजून जुन्यातून नव्यात फिरतीवरच आहेत, हा नशिबाने वाटेत सापडला. आणि खाली एक शहाणपण: काका, यातली खोली बांधकामाच्या वेळची आहे, तळं भरलेलं धरून काढलेली, जरा जपून.

ही आजची पोरं. कागदावर बत्तीस फूट लिहिलंय, खाली सही आहे, शिक्का आहे. सही झालेलं पाणी कुठे जातं?

सांडव्यापासून डावीकडे एकशे चाळीस पावलं, बत्तीस फुटांचा खड्डा. तिथे लाल शाईने ठिपका दिला. मोठी मरळ तिथेच असणार. मोठी माणसं नेहमी खोलात असतात.

१७ एप्रिल, रविवार

गळ फेकण्याचा सराव. मुखेडात पाणी नाही, म्हणून माळवदावरून गल्लीत. खडूने वर्तुळ काढलं. काठी चौदा फुटी बांबूची, नायलॉनचा तंगूस, तरंगायला मोरपिसाची काडी. पहिली फेक चुकली. दुसरी समोरच्या उमाबाईच्या वाळत घातलेल्या वाकळेत बसली. उमाबाईने आतून वाकळ ओढली. मी सोडली नाही. दहा मिनिटं खेळवली. ढील दिली, ताणली, पुन्हा ढील. वाकळ अंदाजे नऊ किलोची. शेवटी तंगूस तुटला.

उमाबाई जे बोलली ते या वहीत लिहिण्याजोगं नाही. पण मनगटाला अंदाज आला.

२० एप्रिल

गौतमीचं पोस्टकार्ड, आईच्या नावाने. पाय सुजलेत. रात्री झोप नाही. कधी येताव? आठवा लागला की आत्याबाई पाऊल बाहेर टाकू देणार न्हाईत. गाठोडं सोडलं नाही अजून, वरचंच लुगडं काढून घालते. बाबांना सांग, तळ्याचं पाणी लई कमी झालंय.

किती हुशार पोर. सासरी राहून बापाला खबर देते. पाणी कमी म्हणजे मासा दाट. सगळ्या मरळी सरकत सरकत माझ्या ठिपक्यात येऊन बसणार. दुष्काळाचा असा उपयोग आजवर कोणी लक्षात घेतला नसेल.

चांगुणा कार्ड हातात धरून बराच वेळ चुलीपुढे बसली. म्हणाली, उद्याची गाडी धरू. मी म्हणालो, पौर्णिमा झाल्याशिवाय मासा भुकेला होत नाही. म्हणाली, पोरगी भुकेली हाय की. मी म्हणालो, तिच्याचसाठी चाललंय ना.

२४ एप्रिल

गांडुळं. पाऊस नाही, ओल नाही, सबंध मुखेडात गांडूळ नाही. परसात खड्डा केला, पालापाचोळा, शेण घातलं, आंघोळीचं पाणी तिकडे वळवलं. चांगुणाचं म्हणणं, आंघोळ करता कधी? ते पाणी तिने भांड्यांसाठी ठेवलेलं होतं.

तीन दिवसांनी आज खड्डा उघडला. एक गांडूळ. बारीक, पण मनाने खंबीर वाटलं. त्याला डब्यात ठेवायला वळलो तोवर कोंबडीने उचललं.

कोंबडी कोणाची ते विचारलं नाही. उमाबाईशी सध्या बोलणं नाही.

२७ एप्रिल

आमिष बदललं. गांडूळ हे गरिबाचं काम. ज्वारीचं पीठ भाजून, गूळ, शेंगदाण्याची पेंड, बडीशेप, वरून थोडा हिंग. मऊ मळून एकवीस गोळे केले, ताटात घालून सुकायला ठेवले. मास्तर गुडघा दाखवायला आले होते. मी नकाशा आणायला आत गेलो. बाहेर येतो तर सोळा गोळे. मास्तर रुमालाने तोंड पुसत म्हणाले, डिंकाचे का? लेकीसाठी दिसतायत. तूप जरा कमी पडलं, बाकी उत्तम.

शिकलेल्या माणसाला आवडलं म्हणजे माशाला आवडेलच.

गुडघ्याचा निकाल: ४ मेपर्यंत हवा प्रतिकूल.

१ मे

चांगुणाने आज जेवायला वाढलं आणि समोर बसली. हे चांगलं लक्षण नाही. म्हणाली, आज एक तारीख. नऊला आठवा लागतो. तुम्ही जाणार का मी जाऊ? सांगितलं, ७ मे, शनिवार, पक्कं. गुडघा ४ नंतर मोकळा आहे, शिवाय दोन दिवस राखीव. म्हणाली, मी बी येते. म्हणालो, मासेमारीत बाईमाणूस म्हणजे कलकलाट. मासा बिचकतो.

तिने उठून पेटीतून आपलं चांगलं लुगडं काढून उन्हात घातलं. समजून घेतलं असावं.

३ मे

व्याह्यांचं पत्र. काय म्हणावं! लिहितात: तळं हटलं तसं उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी पेरा केला हाय. काकडी, दोडका लई जोरात. खायला या. राहिलेल्या डबक्यात ८ तारखेला, रविवारी, समदं गाव उतरणार, मच्छीमार सोसायटीनं मुभा दिली. यायचं तर तेच्या आधी या. पोरगी वाट बघून राहिली.

चार वेळा वाचलं. तळ्यात काकडी! माणूस घाबरला की कसं बोलतो बघा. मी खरोखर तयारी करतोय हे त्यांच्या कानावर गेलेलं दिसतं. आता मला भुलवायचा डाव. बत्तीस फूट पाण्यात काकडी लावायला त्यांचा जिल्हा झाला तरी कोण एवढं मोठं लागून गेलंय?

म्हणे गाव उतरणार. उतरू द्या. गाव काठाकाठाने खळबळ करील, आणि मरळी घाबरून ठिपक्यात येतील. मी बसलेलाच.

७ मे, शनिवार, उदगीर

निघालो. तंबाखू आजपासून खरोखर बंद.

कंडक्टर अडाणी. म्हणाला, मामा, हा झेंड्याचा बांबू घेऊन कुठल्या सभेला? आत घेणार न्हाई. टपावर टाकायला लावला. जळकोटच्या अलीकडे वडाची फांदी आडवी आली. वर कडाड. उदगिरात उतरवून बघतो तर काठी आठ फुटी. इंग्रजी पुस्तकात काठ्या आखूडच आहेत. सुधारणाच झाली म्हणायची.

पुढची गाडी चुकली, कारण काठीचा दुसरा तुकडा टपावर शोधत होतो. मुक्काम भाच्याकडे. तंबाखू भाच्याची आहे, त्यामुळे मोजत नाही.

८ मे, रविवार, सकाळी साडेदहा

गावात उतरलो. व्याह्यांच्या घरी गेलो नाही. मरळीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. थेट तळं. नकाशा काढला. सांडव्यापासून डावीकडे एकशे चाळीस पावलं मोजत निघालो. पाणी कुठे लागेल म्हणून धोतर वर धरलेलं.

एकशे चाळीसावं पाऊल काकडीच्या वेलावर पडलं.

एक बाई खुरपत होती. गुणाबाई म्हणाली तिचं नाव. म्हणाली, दादा, मोजणीवाले का? सावकाश पाय टाका, कवळी हायेत. मी विचारलं, इथे बत्तीस फूट पाणी होतं ना? म्हणाली, असंल की. माझ्या लग्नाच्या साली होतं. काकडी खाताव?

खाल्ली. गोड होती. पाण्यातली असल्यामुळे असेल.

दुपारी अडीच

पाणी आहे. अर्ध्या मैलावर. गुडघाभर, आणि त्यात सगळं गाव. बायका टोपल्या दाबतायत, गडी पोटावर झोपून चिखल चाचपतायत, एकमेकांवर पाणी काय उडवतायत, शिव्या काय देतायत. शिस्त म्हणून नाही. माशाचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

मी काठावर सावली बघून बसलो. गोळा लावला, गळ टाकला. मोरपिसाची काडी चिखलात उभी राहिली. अशी स्थिर काडी मी आजवर पाहिली नव्हती.

विहीणबाई सरजाबाई मांड्यांपर्यंत गाळात, पदर खोचलेला. मला पाहून ओरडल्या, अगं बाई, व्याही! कवा आलाव? ठेवा ती काठी, या आत! तेवढ्यात त्यांचा हात खाली गेला, खांद्यापर्यंत गेला, आणि वर आला तो हातभर मरळ घेऊन. जिवंत, काळी, फडफडणारी. गाव ओरडलं. त्या म्हणाल्या, ह्या घ्या तुमच्या मरळीबाई, गाळात निजल्या होत्या.

मी म्हणालो, गळाला लागली पाहिजे. त्या म्हणाल्या, बरं, मग बसा.

बसलोच आहे म्हणून एकाने आपली चप्पल माझ्याजवळ ठेवली. मग दुसऱ्याने. आता बायका पण ठेवतायत. चपला, विड्यांचे बंडल, एक घड्याळ, एक तान्हं मूल झोळीत. अनोळखी माणसावर गाव इतका विश्वास उगाच टाकत नाही. काठी बघून टाकला असणार.

दुपारी दोनच्या सुमारास बांधावरच्या रस्त्याने एसटी गेली. खिडकीतून कोणीतरी माझ्याकडे बघून बराच वेळ हात हलवत होतं. उलट हात केला. बातमी पसरलेली दिसते.

संध्याकाळी सहा, व्याह्यांच्या ओसरीवर

गळाला काही नाही. पण चप्पल एकही हरवली नाही.

पंढरीबांनी पाय धुवायला पाणी दिलं. मी मान खाली घालून म्हणालो, आणखी दोन दिवस द्या. उद्या आठवा लागतो, पण शर्त पुरी झाल्याशिवाय पोरीला नेणार नाही. ते म्हणाले, व्याहीबुवा, पोरगी कुठं ऱ्हायली आता? सकाळच्या पहिल्या गाडीनं चांगुणा विहीणबाई आल्या. चहा पेल्या, गाठोडं उचललं, पोरीला घेऊन दोनच्या गाडीनं गेल्या बी. सरजा पहाटपासून तळ्यातच, तिला बी आत्ताच कळलं.

मी विचारलं, शर्तीचं काय?

कसली शर्त? म्हणाले. तुम्ही मासं सांगून राहिलताव, म्या मस्करी केली. समदे हसले की तवा. तुम्ही उठून गेलाव तर आम्हाला वाटलं लघवीला गेलाव. सांजवर वाट बघितली.

मग म्हणाले, खरं सांगू का? सरजाचं मन लई खट्टू झालतं. म्हणली, दुष्काळाचं साल हाय, बाळंतिणीला पाणी लागतंय, म्हणून माहेरच्यांनी पाठ फिरवली असंल. पोरीला बोलली न्हाई ती. पण पोरीला कळतंय की. महिनाभर रोज सांजच्याला बांधावर जाऊन गाडी बघायची. आम्ही म्हणायचो पाय सुजतेत, नको जाऊ.

सरजाबाईंनी मरळीचा तुकडा फडक्यात बांधून दिला. म्हणाल्या, तिला द्या. तुम्हीच धरली म्हणून सांगा, मी काय बोलणार न्हाई.

घेतला.

१० मे, मंगळवार, मुखेड

काल घरी पोचलो. गौतमी बाजेवर, पाय उशीवर. चांगुणाने माझ्याकडे बघितलं नाही. मास्तर येऊन गेले, त्यांना चांगुणाने दारातूनच वाटेला लावलं.

मरळीचं कालवण केलं. वास येताच गौतमीला उमासे. ताट बाजूला सारलं. म्हणाली, सातव्यात वाटत होतं बाबा, आता न्हाई वाटत.

मी धरली, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही. विहीणबाईंनी धरली, म्हणालो.

गौतमीने विचारलं, बाबा, मला आणायचं तुमच्या मनात नव्हतं का?

म्हणालो, अगं, रोज तुझंच काम चालू होतं. अभ्यास चालू होता. ती म्हणाली, कशाचा? नकाशा दाखवावा म्हणून उठलो, मग बसलो. सगळा महिना आठवून बघितला. तिला सांगण्यासारखं त्यात एकही काम निघालं नाही.

विचारलं, मग आता काय आणू? म्हणाली, काही आणायला जाऊ नका. हितंच बसा. जरा बोला माझ्याशी.

बसलो. पश्चिमेचा वारा असला की मासा कोणत्या काठाला येतो ते सांगायला लागलो. दुसऱ्या मुद्द्याला तिचा डोळा लागला. महिनाभरात पहिल्यांदा नीट झोपली असं चांगुणा म्हणते. थांबलो तर जागी होईल, म्हणून चांगुणाने खूण केली, बोलत राहा.

अजून बोलतोय. उत्तरेच्या वाऱ्यापर्यंत आलोय. लिहिणं पुरे.